लुआर नदीकाठी गाड्यांविना सायकल: कोणता तुकडा, कोणतं टायर, कोणती दिशा

फ्रान्समधल्या लुआर नदीच्या काठाने खुणा केलेला एक सायकलमार्ग जातो. नव्हेर शहराजवळच्या क्युफी गावापासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या सँ-ब्रेव्हँ-ले-पँपर्यंत, सुमारे 900 किलोमीटर. नाव ‘ला लुआर आ व्हेलो’, म्हणजे सायकलवरून लुआर. युरोपच्या या टोकापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो 6 या मार्गाचा हा पश्चिमेकडचा भाग. नदीकाठच्या किल्ल्यांची आणि राजवाड्यांची छायाचित्रं पाहून लोक बेत आखतात. पण दिवस चांगला जातो की वाईट, हे वाडे ठरवत नाहीत. ते ठरतं वाऱ्याच्या दिशेवर आणि रस्त्याच्या पृष्ठभागावर. म्हणून आधी ते दोन्ही समजून घ्या, मग नकाशा उघडा.

‘गाड्या नाहीत’ म्हणजे नेमकं काय

मार्गावर तीन तऱ्हेचे रस्ते एकमेकांत मिसळलेले आहेत. तिन्हींना एकच समजलात की फसगत होते.

पहिला ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट. (आपल्या ‘व्वा’चा याच्याशी संबंध नाही, पण चुकीचाही वाटत नाही.) निळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात पादचारी आणि सायकल काढलेले असतात. ही पाटी असेल तिथे मोटारगाडीला बंदी. त्याच पाटीवर तिरपी लाल रेघ दिसली की वाट संपली, पुढे गाड्या येणार. फ्रान्सच्या वाहतूक कायद्यात हा प्रकार 2004 साली आला. मात्र ही वाट शर्यतीची नाही. पायी चालणाऱ्यांचा तिच्यावर पहिला हक्क आहे, आणि रविवारी दुपारी गावाजवळ ताशी 15 किलोमीटरच्या वर जाता येत नाही. वेगात जायचं असेल त्याने सकाळी नऊच्या आत निघावं.

दुसरा प्रकार म्हणजे ‘लव्हे’ हे पूर अडवणारे मातीचे बांध. लुआरकाठी बांध घालण्याचं काम मध्ययुगापासून चालू आहे. बाराव्या शतकात इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याने आंझू प्रांतातल्या बांधांची निगा राखणाऱ्यांना सवलती दिल्या होत्या. आज बऱ्याच बांधांच्या माथ्यावर अरुंद डांबरी रस्ता आहे आणि त्यावर ‘सोफ रिव्हेऱँ’, म्हणजे ‘फक्त रहिवाशांना’, अशी पाटी असते. दिवसभरात चार गाड्या आणि एक ट्रॅक्टर, एवढीच वर्दळ. पाट्यांच्या भाषेत हा गाड्यांविना मार्ग नाही, पण रोड बाइकवाल्यासाठी याहून चांगला रस्ता सापडणं कठीण. एक अपवाद लक्षात ठेवा: सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर आणि ट्रेलर वाढतात आणि वळणावर चिखल सांडलेला असतो.

तिसरा प्रकार गावातल्या साध्या रस्त्यांचा. इथे गाड्या असतातच. कायद्याने त्यांनी सायकलला ओलांडताना गावात 1 मीटर आणि गावाबाहेर 1.5 मीटर अंतर सोडायचं असतं.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. उत्तर काठावर ब्लुआ, तूर, सोम्युर यांच्यामधून डी 952 हा रस्ता जातो. तोही बांधावरूनच, अगदी पाण्याला लागून. नकाशावर तो इतका आकर्षक दिसतो की मोबाइल नसला तरी कोणी तोच निवडेल. पण त्यावर ट्रक धावतात आणि सायकलला कडेला सरकायला जागा नसते. दक्षिण काठावरचा डी 751 आणि माँसोरो ते सोम्युर जाणारा डी 947 यांचीही तीच गत. मोबाइलला ‘जवळचा मार्ग’ विचारलात की तो तुम्हाला हमखास यांपैकी एकावर नेऊन सोडतो. अधिकृत मार्गाची जीपीएक्स फाइल आधीच उतरवून घ्या, आणि मोबाइलपेक्षा चौकातल्या हिरव्या-पांढऱ्या दिशादर्शकावर जास्त विश्वास ठेवा.

वारा, आणि उताराचा गैरसमज

‘नदी समुद्राकडे वाहते, म्हणजे त्या दिशेने उतार, म्हणजे सोपं’ हा हिशेब सगळेच करतात. या खोऱ्यात उतार दर किलोमीटरला अर्धा मीटरही नाही. पायाला तो कळतच नाही. वारा मात्र बहुतेक दिवस पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडून येतो. बांधाच्या माथ्यावर आडोसा नसतो. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो: तुम्ही ताशी 20 ने चालला आहात आणि समोरून ताशी 20 चाच वारा आहे, तर शांत हवेच्या चौपट विरोध अंगावर येतो. घाट चढण्याइतकाच दमवणारा प्रकार, फक्त माथा कधी येत नाही.

म्हणून बहुतेक लोक पूर्वेकडून पश्चिमेकडे जात असले तरी उलट दिशा जास्त शहाणपणाची. सकाळी रेल्वेने पश्चिमेच्या टोकाला जा आणि सायकलवर पूर्वेकडे परत या. पूर्वेचा वारा क्वचित लागतो, पण लागतो. आदल्या संध्याकाळी अंदाज पाहा आणि त्यावरून आधी रेल्वे की आधी सायकल ते ठरवा. ही मोकळीक मिळते कारण ऑर्लेआँ ते नाँत रेल्वेमार्ग जवळपास सगळीकडे उत्तर काठाने नदीसोबत चालतो. मँ-स्युर-लुआर, बोजाँसी, ब्लुआ, आंब्वाझ, तूर, लांझे, सोम्युर, आंझे, आँसनी, नाँत या सगळ्यांना स्थानक आहे. मार्ग बराचसा दक्षिण काठाने जातो, तेव्हा स्थानक गाठायला पूल कुठे आहे हे मात्र आधी बघून ठेवा. दोन पुलांमध्ये 10-15 किलोमीटरचं अंतर पडू शकतं, आणि शेवटची गाडी पलीकडच्या काठावरून सुटताना दिसणं फार वाईट.

कोणता तुकडा निवडायचा

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी तूर ते व्हिलाँद्री. साधारण 20 किलोमीटर, शेर या उपनदीच्या काठाने, सपाट, आणि बहुतांश भाग गाड्यांपासून अलग. व्हिलाँद्रीची बाग भूमितीच्या वहीसारखी आखलेली आहे. भाज्यांचे वाफेसुद्धा रंग जुळवून लावतात. तिथेच मागे फिरू नका. पुढे लगेच शेर लुआरला मिळते आणि बांधावरचा रस्ता सुरू होतो. शापेल-ओ-नो गावाजवळ झुलता पूल ओलांडला की पलीकडे लांझे. व्हिलाँद्रीपासून 12 किलोमीटरच्या आसपास. लांझेहून रेल्वेने तूरला परत. एका दिवसात व्वा व्हेर्त, बांध आणि पूल असं तिन्ही होतं, आणि पुढे किती झेपेल याचा अंदाज येतो.

बोजाँसी ते ब्लुआ हा तुकडा रोड बाइकसाठी सर्वांत मोकळा. बोजाँसीच्या जुन्या दगडी पुलावरून दक्षिण काठाला या आणि बांध धरून म्युईद, मग सँ-दिए. सँ-दिएच्या जुन्या घाटावर दगडी फरसबंदी आहे. दव पडलं असेल तर तिथे उतरून चाला. इथून शांबोरचा फाटा फुटतो. शांबोरच्या वनाभोवती 32 किलोमीटर लांबीची भिंत आहे आणि आत सायकलच्या वाटा आहेत. वाड्याचं बांधकाम 1519 साली सुरू झालं. त्याच वर्षी लिओनार्दो दा विंची आंब्वाझमध्ये वारला. त्याचं राहतं घर, क्लो ल्युसे, तिथे पाहता येतं. शांबोर आतून बघायचं असेल तर किमान अडीच तास हाताशी ठेवा, नाहीतर बाहेरून बघून पुढे निघा. अर्धवट बघण्यात दोन्हीकडचं जातं.

ब्लुआ ते आंब्वाझ सुमारे 40 किलोमीटर. ‘नदीकाठ म्हणजे सपाट’ हे इथे लागू होत नाही. शोमाँनंतर मार्ग काठ सोडून वर द्राक्षमळ्यांच्या पठारावर चढतो, कारण खाली तोच गर्दीचा डी 751 आहे. चढ लहान पण तीव्र, आणि दुपारच्या उन्हात सावली नाही. आंब्वाझहून शनाँसोचा वाडा जवळ वाटतो, पण तो शेर नदीवर आहे, मध्ये जंगल आणि चढउतार आहेत. 15 किलोमीटर जायला आणि तेवढेच यायला वेगळा दिवस द्या.

सोम्युरचा परिसर सगळ्यांत समृद्ध. काँद-सँ-मार्ताँला व्हिएन नदी लुआरला मिळते. संगम वरून पाहायला गावातल्या चर्चमागची पायवाट चढा. काँदहून माँसोरो, मग त्युरकाँ, सुझे-शाँपिन्यी असं करत सोम्युर. ही सगळी गावं मऊ पांढऱ्या चुनखडीच्या कड्यात कोरलेली आहेत. त्या दगडाला ‘त्युफो’ म्हणतात, आणि वाड्यांचा दगड काढून राहिलेल्या पोकळ्यांमध्ये लोक राहिले. सुझेमध्ये वाट कड्याच्या आतून जाते. उन्हातून एकदम अंधारात शिरताना डोळ्यांना सरावायला काही सेकंद लागतात, तोवर समोरून येणारा माणूस दिसत नाही. आत शिरण्यापूर्वीच दिवा लावा आणि घंटी वाजवा. वाटेत चढ आहेत, तेही डी 947 टाळण्याची किंमत म्हणून. युसे ते शिनों जाताना युइमजवळचा चढही असाच. शिनों बघायचं नसेल तर आव्हवानवरून सरळ काँद गाठता येतं.

आंझे ते नाँत, शंभर किलोमीटरहून जास्त, दोन दिवसांचं काम. बारीक टायरवाल्याने इथे विचार करावा. बराच भाग दाबलेल्या मुरमाचा आहे, आणि शाँतोसोच्या बाजूने दक्षिण काठ घेतलात तर चढही आहेत. नाँतच्या पुढे नदीमुख रुंद होतं. एका काठावरून दुसऱ्यावर जायला कुएराँ आणि ल पेलराँ यांच्यामध्ये फेरीबोट आहे, ती फुकट आहे, सायकलही नेते. शेवटी सँ-नाझेरचा मोठा पूल दिसतो: 3,356 मीटर लांब, मध्यभागी खाली 61 मीटर उंची. त्यावर आडव्या वाऱ्यात, गाड्यांच्या शेजारून सायकल चालवणं टाळा. मार्ग दक्षिण काठावर सँ-ब्रेव्हँलाच संपतो. भरतीच्या रेषेत उभा असलेला सापाचा प्रचंड धातूचा सांगाडा दिसला की पोहोचलात.

क्युफी ते ऑर्लेआँ हा वरचा भाग शांत आहे, पण खाण्याची आणि मुक्कामाची ठिकाणं दूर दूर. ब्रियारचा 1896 सालचा 662 मीटर लांबीचा कालवा-पूल मात्र वाकडी वाट करून पाहण्याजोगा. खाली लुआर, वर कालवा, कालव्यात बोटी. कडेच्या अरुंद पट्टीवर पायी चालणारे असतात, तिथे सायकल हाताने ढकला.

सायकलची तयारी

लुआरकाठच्या पृष्ठभागाचे दोन मुख्य प्रकार: ‘आंरोबे’ म्हणजे डांबर आणि ‘स्ताबिलिझे’ म्हणजे दाबलेला मुरूम. कोरड्या दिवशी मुरमावर 28 मिलिमीटरचं टायर चालतं. पाऊस पडला की त्याची पेज होते, ती ब्रेकच्या पॅडला आणि चेनला लागते, आणि बारीक टायर रुतायला लागतं. तूर आणि बोजाँसीच्या भागापुरतं 28 पुरेल. सगळा मार्ग करायचा तर 35 घ्या.

हवा अशी: स्वार 70 किलोच्या आसपास आणि सामान कमी असेल तर 28 मिलिमीटरला 70 ते 75 पीएसआय, 35 ला 45 ते 50. मागच्या चाकावर पिशव्या असतील तर मागे पाच जास्त. तिकडचे पंप बार दाखवतात. 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय, तेव्हा 5 बार म्हणजे सुमारे 72. बारीक पितळी वाल्वला जगभर ‘फ्रेंच वाल्व’ म्हणतात, त्यामुळे ती ट्यूब सहज मिळते. मोटारसायकलसारखा जाड वाल्व असेल तर पंपाचं तोंड त्याला बसतं ना हे निघण्याआधी बघा.

पंक्चर सहसा काचेने नाही, काट्याने होतं. उन्हाळ्यात कडेची झुडपं यंत्राने छाटतात आणि काटेरी तुकडे वाटेवर पसरतात. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवा. काटा आतच राहिला तर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते. दोन ट्यूब, सहा पॅच, दोन टायर लिव्हर, षटकोनी चाव्यांचा जुडगा आणि चेनचा एक क्विक लिंक, एवढं सोबत असू द्या. सोमवारी सायकलची दुकानं बऱ्याच गावांत बंद असतात.

भाड्याची सायकल घेणाऱ्या भारतीयांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला असतो. सवयीने घाईत डावा दाबलात तर मागच्याऐवजी पुढचं चाक जाम होईल. दुकानाबाहेर रिकाम्या जागेत पाच मिनिटं चालवून बघा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, हेही त्याच पाच मिनिटांत अंगात भिनवा. मुक्कामाहून सकाळी निघताना पहिल्या वळणावरच माणूस चुकतो.

व्वा व्हेर्तच्या तोंडाशी गाड्या अडवायला खांब किंवा वाकडी कठडी असतात. दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या किंवा मुलांचा ट्रेलर असेल तर ते अडकतं. वेग कमी करा, उभं राहून पार व्हा.

कायदा आणि रेल्वे

दिवे, परावर्तक आणि घंटी बंधनकारक. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट घालावंच लागतं. 12 वर्षांखालच्या मुलांना 2017 पासून हेल्मेट सक्तीचं आहे, मोठ्यांना नाही, पण घाला. कानात इअरफोन घालून सायकल चालवली तर 135 युरो दंड. हातात मोबाइल धरला तरी तेवढाच. दोघांनी शेजारीशेजारी चालायला दिवसा परवानगी आहे, मागून गाडी आली की एकामागे एक व्हा. गल्लीच्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, मग तो कितीही लहान रस्त्यावरून येवो. अपघात झाला तर 112.

स्थानिक रेल्वेगाड्यांना, म्हणजे तेएएरना, सायकल साधारणपणे फुकट नेता येते, पण हुकं मोजकी असतात. उन्हाळ्यात नदीकाठच्या काही गाड्यांना सायकलींसाठी जास्त जागा करतात. आरक्षण लागतं का, हे तिकीट काढतानाच बघा, कारण नियम हंगामानुसार बदलतात. पॅरिसहून ऑर्लेआँची गाडी आउस्तेरलित्झ स्थानकातून सुटते. तूरसाठी जलदगाडी मोंपारनासहून, आणि ती बहुतेक वेळा तूरमध्ये नाही तर शेजारच्या सँ-पिएर-दे-कोर इथे थांबते. डब्यात चढवण्यापूर्वी पिशव्या काढून ठेवा. लहान स्थानकांत जिना असतो, लिफ्ट असेलच असं नाही. ‘ग्रेव्ह’ हा शब्द दिसला की संप आहे, दुसरा बेत काढा.

पाणी, जेवण, मुक्काम

पाण्यासाठी गावाचं कब्रस्तान शोधा. तिथे फुलांना घालायला नळ असतो आणि तो बहुधा पिण्याजोगा असतो. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर पिऊ नका. दुकानं दुपारी साडेबारा ते तीन आणि रविवारी दुपारनंतर बंद. हॉटेलात जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. सकाळी पावाच्या दुकानातून दुपारचं घेऊन निघा.

शाकाहाऱ्यांची या खोऱ्यात फार आबाळ होत नाही. तूरच्या दक्षिणेला बकरीच्या दुधाचं सँत-मोर नावाचं लांबुळकं चीज होतं, आतून राय या धान्याची काडी घातलेलं. सोम्युरकडे ‘फुए’ मिळतात: भट्टीत फुगवलेले पोकळ पाव, भाकरीसारखे वाफाळते, आत मशरूम किंवा चीज भरतात. मशरूम तिथल्याच गुहांत पिकवतात. मात्र ‘रियेत’ घातलेला फुए मागू नका, ते डुकराचं मांस. मुक्काम शोधताना ‘आक्यई व्हेलो’ ही पाटी बघा. मार्गापासून 5 किलोमीटरच्या आत, सायकल ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीची जुजबी हत्यारं असतात.

काय बिघडतं

पूर. हिवाळ्यात आणि वसंतात नदी वाढली की खालच्या वाटा पाण्याखाली जातात, आणि पाणी ओसरल्यावर काही दिवस गाळ राहतो. ‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद. बाजूने डोकावून ‘एवढंसं तर पाणी आहे’ म्हणू नका. खाली डांबर उखडलेलं असू शकतं. सरकारी ‘व्हिजिक्र्यू’ सेवा नदीची पातळी हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगात दाखवते. पिवळा दिसला तर बांधावरून जाणारा पर्याय निवडा. जुन्या घरांच्या भिंतींवर 1846, 1856 आणि 1866 या तीन महापुरांच्या रेषा कोरलेल्या दिसतात. त्यांपैकी एखाद्या रेषेशेजारी उभं राहून उंची मोजा, म्हणजे बांध एवढे उंच का आहेत ते विचारावं लागणार नाही.

उन्हाळ्यात उलट. ऑगस्टमध्ये पाणी आटतं, पांढऱ्या वाळूची बेटं उघडी पडतात, आणि घामेजलेल्या माणसाला उतरावंसं वाटतं. उतरू नका. वाळूच्या कडा पाण्याखाली एकदम तुटतात, वाळू पायाखालून सरकते, आणि वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला ओढ असते. लुआरमध्ये चांगले पोहणारेही बुडतात. त्याच दिवसांत संध्याकाळी पुलांच्या दिव्यांखाली पांढऱ्या किड्यांचा खच पडतो. त्यावरून चाक घसरतं, तेव्हा पुलावर वळू नका आणि ब्रेकही हळू मारा.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सगळ्यांत बरे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून दिवसाला 50 किलोमीटर धरले तरी वाडा, जेवण आणि एक पंक्चर आरामात मावतं. पश्चिमेकडे तोंड असेल तर 40 धरा.